फोनवर वाढलेला तीळ

छातीत कळ आली तेव्हा मी तिळाला पाणी देत होतो. जानेवारी संपत आला होता, सकाळची वेळ होती आणि पाण्यात हात घातला की बोटं बधिर होत होती. पेरून दोन आठवडे होत आले तरी वावरात एक अंकुर दिसत नव्हता. मी स्प्रिंकलरचा पाइप उचलायला वाकलो आणि कोणीतरी छातीवर गुडघा रोवल्यासारखं झालं. पुढचं मला तुटक तुटक आठवतं. बायकोची हाक, शेजारच्या वावरातल्या भाऊंची जीप, यवतमाळ, तिथून अँब्युलन्स, मग नागपूर. तिथे ऑपरेशन झालं. शुद्धीवर आल्यावर मी पहिला प्रश्न विचारला तो असा, "तीळ निघाला काय?"

नर्सला वाटलं, मी अजून गुंगीतच आहे. बायकोला तसं वाटलं नाही. ती पंख्याकडे बघत म्हणाली, "निघन ना. आधी तुमी निघा इथून."

आमचं वावर बोरी अरबच्या पुढे, थेट रस्त्याला लागून आहे. पावसाळ्यात कापूस, सोयाबीन, तूर, आणि विहिरीला पाणी टिकलं तर उन्हाळ्यात तीळ. माझ्या वडिलांच्या काळी तिळाचे लाड नव्हते. कापसाच्या वावरात त्याचे दोन-चार तास, म्हणजे ओळी, टाकायचे, संक्रांतीपुरता घरी आला की झालं. तो केव्हा पेरायचा हा प्रश्न कोणाला पडत नसे, कारण कापूस पडला की त्याच दिवशी तोही पडायचा. उन्हाळी तीळ आमच्याकडे आला आणि आम्ही त्यालाही तसंच वागवायला लागलो. वावर रिकामं झालं की टाकून मोकळं व्हायचं.

या आजारपणाच्या आदल्या वर्षी मी तो मार्च लागल्यावर पेरला होता. पीक झकास आलं, पण सोंगणी मे महिन्याच्या शेवटाला गेली. पेंढ्या बांधून वाळायला उभ्या केल्या आणि अवकाळी पावसाने गाठलं. बोंडं भिजली, दाणे काळे पडले. व्यापाऱ्याने मूठभर तीळ तळहातावर घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि परत पोत्यात सोडला. तो अपमान माझ्या डोक्यात बसला. या वर्षी पावसाला माझं तोंडसुद्धा दिसू द्यायचं नाही, असं मी ठरवलं. तूर निघाल्या निघाल्या, संक्रांतीच्या आठवड्यात, ट्रॅक्टर बोलावला.

बायको म्हणाली होती, "थंडी तर मोडू द्या जराशी. आमच्या ढाणकीकडे एवढ्या थंडीत कोणी तीळ नाही टाकत."

"ढाणकीचं ढाणकीले ठेव," मी म्हणालो.

ढाणकी म्हणजे तिचं माहेर, आमच्यापासून पार जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. लग्नाला एवढी वर्षं झाली, तरी आमच्या घरात जे काही चुकतं ते ढाणकीला बरोबर होत असतं. आमच्या घरी बाकी सगळं तीच ठरवते, अगदी माझ्या शर्टाच्या रंगापर्यंत. पण पेरणी केव्हा करायची हे मात्र मी ठरवायचं, हा आमचा अलिखित करार होता. तिने मान उडवली आणि बारीक चाळलेलं शेणखत बियाण्यात मिसळायला घेतलं. तिळाचा दाणा इतका लहान की नुसता टाकला तर एका जागी ढीग पडतो आणि पुढे सगळं मोकळं राहतं. त्याच ट्रॅक्टरने त्याच दिवशी शेजारच्या भाऊंनीही आपला तीळ पेरून घेतला. मी लवकर पेरतोय म्हटल्यावर ते कसे मागे राहतील?

नागपूरहून मला घेऊन यायचं तर गावी नव्हे, यवतमाळला मुलीकडे, असं ठरलं. डॉक्टरांनी बजावलं होतं की दोन-तीन महिने धक्का नको, दगदग नको, वावरात तर जायचंच नाही. बायको काही दिवस राहिली. मग गावी ढोरं होती, घर होतं, ती परत गेली. जावई स्वभावाने देवमाणूस, आणि मुलगी शाळेत शिकवते. घरीही ती शाळेतलीच. संध्याकाळी जेवणाआधी फोन, तोही तिच्यासमोर, आणि आवाज चढला की फोन जप्त.

"निघाला?" मी पहिल्याच फोनवर विचारलं.

"निघाला ना, बाप्पा. मस्त निघाला."

माझा जीव भांड्यात पडला. त्या दिवशी मी मुलीच्या हातची अळणी भाजीसुद्धा तक्रार न करता खाल्ली.

आणि मग मी खाटेवर पडून तीळ वाढवायला लागलो. दुसरं काम काय होतं? सकाळी डोळे मिटले की वावर दिसायचं. दोन पानं, चार पानं. आता बोटभर झाला असेल, आता दाट झाला असेल, आता विरळणीला आला असेल. तीळ नेहमी दाटच निघतो, म्हणून रोपं बोटभर झाली की जास्तीची उपटून टाकावी लागतात. ती नाही केली तर सगळीच काडीसारखी लांबट होतात आणि बोंडं धरत नाहीत. ही विरळणी निघाल्यापासून दोन-तीन आठवड्यांत उरकायची असते. माझ्या हिशोबाने ती फेब्रुवारीतच व्हायला हवी होती.

"विरळणी झाली काय?"

"अजून कायची विरळणी? लहान हाय."

मी मनाची समजूत घातली. थंडी आहे, धीमा असेल. पण मार्च लागला, मुलीच्या घरात पंखे फिरायला लागले, माझ्या डोळ्यांपुढच्या तिळाला फुलंसुद्धा लागली, आणि बायको फोनवर म्हणते, "आज विरळणी करून राह्यलो. चार बाया सांगतल्या."

ज्या पिकाला फूल यायला हवं त्याची विरळणी चालली आहे? माणूस खोटं बोलायला लागला की पहिल्यांदा तारखा चुकतात, हे मला पक्कं ठाऊक होतं. माझा स्वभाव मुळातच संशयी. दूधवाल्याचं माप मी अजूनही डोळे बारीक करून बघतो.

दुसऱ्या दिवशी मुलगी शाळेत गेल्यावर मी भाऊंना फोन लावला. तब्येतीचं बोलून झालं. मग हळूच विचारलं, "तुमचा तीळ कसा हाय?"

"हाय बापा, जसा तसा. महिनाभर तर जागचा हलला नाही. आता कुठं फुलं लागून राह्यले."

"अन् माझा?"

"हाय ना. तुमचाही हाय," ते म्हणाले आणि घाईने विषय बदलला, "तो प्लॉटवाला आलता तुमच्या धुऱ्यावर. वहिनीसंग बोलून राह्यलता." एवढं बोलल्यावर त्यांना काहीतरी जाणवलं असावं. आराम करा म्हणाले आणि फोन ठेवून दिला.

धुरा म्हणजे बांध, आणि प्लॉटवाला म्हणजे दारव्ह्याकडचा एक माणूस. आमचं वावर रस्त्याला लागून म्हणून वर्षभरापासून तो मागे लागला होता. त्याला तिथे चुन्याच्या रेघा मारायच्या होत्या, लेआउट पाडायचं होतं. मी त्याला दोनदा चहा पाजून आणि तिसऱ्यांदा न पाजता परत पाठवलं होतं.

त्या संध्याकाळी मी जावयांना विचारलं, "नागपूरचं बिल किती झालं होतं?"

"झालं ते सगळं, मामाजी. तुम्ही टेन्शन नका घेऊ."

बस्स. मला सगळं कळलं. निदान मला तसं वाटलं. तीळ निघाला नाही, वावरात काहीच नाही, कारण वावरच आपलं राहिलेलं नाही. माझी छाती दुरुस्त करायला त्यांनी वावर विकलं आणि मला धक्का बसू नये म्हणून ही बाई रोज संध्याकाळी फोनवर नसलेलं पीक वाढवते आहे. बिचारीला तारखा जुळवता येत नाहीत.

आज हसू येतं, पण तेव्हा मी फार घाबरलो होतो. वडिलांनी ते वावर कसं घेतलं हे मी लहानपणापासून इतक्या वेळा ऐकलं होतं, की ते माझ्या एका आजारात गेलं ही कल्पनाच सहन होत नव्हती. मी सरळ विचारू शकत होतो. पण विचारलं आणि ती "हो" म्हणाली तर? आणि विकलं असेल तर माझ्याचसाठी विकलं, मग मी रागावणार तरी कोणावर? त्यापेक्षा मी गप्प राहिलो आणि रोज नवे पुरावे गोळा करत गेलो.

एप्रिलच्या सुरुवातीला मी मुद्दाम म्हणालो, "फोटो पाठव बरं एखादा." मुलीच्या मोबाइलवर फोटो आला. पांढरी, किंचित गुलाबी फुलं, हिरवीगार पानं, अगदी जवळून काढलेला. मी तो दोन बोटांनी मोठा करकरून पाहिला. तीळ होता, यात वाद नाही, पण कोणाचा? विहीर दिसत नव्हती, निंबाचं झाड दिसत नव्हतं, विजेचा खांबही नाही. त्याच आठवड्यात भाऊ फोनवर सांगत होते की त्यांचा तीळ पिवळा पडायला लागला. एकाच दिवशी, एकाच ट्रॅक्टरने पडलेले दोन तीळ. एकाची पानं पिवळी आणि दुसरा ऐन फुलात? असं होत नाही. कोण्या परक्याच्या वावरात उभी राहून फोटो काढला असणार, मी मनात म्हटलं. शाबास.

"किती छान आहेत फुलं, बाबा," मुलगी म्हणाली.

"हो," मी म्हणालो. मला तिचाही राग आला होता, कारण तीही यात सामील असणार.

एप्रिल संपता संपता माझ्याने राहवेना. मुलगी शाळेत, जावई ऑफिसात. खालच्या घरातल्या बाईंना दाढी करून येतो म्हणून सांगितलं, ऑटोने स्टँड गाठला आणि दारव्ह्याच्या एसटीत बसलो. खिडकीतून गरम हवा अंगावर येत होती. ऑपरेशनच्या जागेवर रुमाल धरून मी मनाची तयारी करत होतो. वावर सपाट केलेलं असेल. खुंट्या ठोकल्या असतील. रस्त्याकडे तोंड करून पाटी असेल. ते बघून आपण रडायचं नाही, बायकोला बोलायचं नाही, तिने आपला जीव वाचवला आहे. बोरी मागे पडलं तसे मी डोळे मिटून घेतले. फाट्यावर कंडक्टरने आवाज दिला तेव्हा कुठे उघडले.

उतरलो तर समोर हिरवं वावर होतं.

पाटी नव्हती, खुंट्या नव्हत्या. छातीला लागेल एवढा तीळ उभा होता. प्रत्येक झाड बुडापासून बोंडांनी भरलेलं, फक्त शेंड्यावर उरलीसुरली फुलं. रांगेत कुठे तुटाळ नाही. आणि धुऱ्याच्या पलीकडे भाऊंचा तीळ होता, जेमतेम गुडघ्याएवढा, विरळ, पिवळा, झाडाला मोजकी बोंडं. तरी माझा संशय मेला नव्हता. मनात आलं, वावर विकलं असेल, आणि घेणाऱ्याने निदान उभं पीक आपल्याला काढू दिलं असेल.

बायको निंबाखाली पाइप जोडत होती. मला पाहिलं आणि तिच्या हातातला पाइप पडला.

"अहो! तुमी इथं कसे? कोणाले सांगून आले? पोरीले मालूम हाय काय?"

"हा तीळ कोणाचा हाय?" मी विचारलं.

"कोणाचा म्हणजे?"

"खोटं नको बोलू. आपला तीळ जानेवारीतला. तो आतापर्यंत असा हिरवा राहूच शकत नाही."

तिने मला धरून सावलीत बसवलं, पाणी दिलं आणि सांगायला लागली. आम्ही पेरलेला तीळ निघालाच नव्हता. भाऊंचं वावर बरडाचं, हलकं, ऊन लवकर धरतं, म्हणून त्यांचा रडतरडत का होईना निघाला. आमचं नाल्याकडचं, भारी, थंड. दाणा मातीतच सडला. यवतमाळहून परतल्यावर तिने माती उकरून पाहिली तेव्हा हातात भुसा आला. तिचा भाऊ मला बघायला दवाखान्यात आला होता, त्याला तिने फोन केला. त्याने ढाणकीहून बियाणं आणून दिलं. पण पेरायची तिने घाई केली नाही. पहाटे गोधडी नकोशी व्हायला लागली, ऊन पाठीला चटका द्यायला लागलं, तेव्हा फेब्रुवारीच्या मध्यात तिने वखर फिरवून पुन्हा पेरणी केली. पाचव्या-सहाव्या दिवशी वावर हिरवं झालं.

"मंग मले काहून नाही सांगतलं?"

"डॉक्टर काय बोलला होता? धक्का द्यायचा नाही. निघाला म्हटलं, तेवढंच एक खोटं बोलली मी. बाकी सारं खरं सांगतलं. विरळणी केली तवा विरळणी सांगतली, फूल आलं तवा फूल सांगतलं. शेजारच्या भाऊलेबी मीच म्हटलं होतं, यायले काही सांगू नका म्हणून."

मी सगळं मनात पुन्हा मांडून पाहिलं. मार्चमधली विरळणी, त्याच महिन्याच्या शेवटी फूल, आता भरलेली बोंडं. पेरणी एक महिना पुढे सरकवली की तिचा एकही शब्द चुकत नव्हता. मी एवढा तिळाचा जाणता, पण ती माझ्यावाचून पेरेल ही एक गोष्ट मला सुचली नव्हती.

"अन् वावर?" मी विचारलं. "वावर विकलं नाही ना?"

"कोणं विकलं?"

"तो प्लॉटवाला आलता म्हणे."

"आलता ना. इथंच धुऱ्यावर उभा होता. त्याले म्हटलं, आला हायेस तं तेवढा पाइप उचलू लाग. उचलू लागला अन् गेला. मंग नाही आला."

"मंग दवाखान्याचं?"

"ते सरकारी कार्डावर झालं. जवाईबापूनं सांगतलं नाही काय तुमाले?"

सांगितलं होतं. झालं सगळं, टेन्शन घेऊ नका, असंच तर सांगितलं होतं. मी धुऱ्यावर बसून रडलो. ऑपरेशननंतर रडलो नव्हतो, तिथे मात्र हुंदके देऊन रडलो, आणि ती घाबरून माझ्या छातीवर हात ठेवून बसली. ते रडणं दुःखाचं नाही हे तिला पटवायला मला बराच वेळ लागला. संध्याकाळी मुलगी आणि जावई धावतपळत आले. मुलीने मला शाळेतल्या पोरासारखं झापलं. मी ऐकून घेतलं, पण यवतमाळला परत गेलो नाही.

मे महिन्याच्या मध्यात खालची बोंडं पिवळी झाली तशी सोंगणी केली. पेंढ्या उभ्या केल्या. मी रोज आभाळाकडे बघायचो. ढग येत होते, पण पाऊस आला नाही. वाळलेल्या पेंढ्या ताडपत्रीवर उलट्या धरून झटकल्या तेव्हा पांढराशुभ्र दाणा सरसरत खाली आला. पोती भरत गेली. एवढा तीळ आमच्या वावराने कधी दिला नव्हता. पलीकडे भाऊंनी झटकला तो त्याच्या अर्ध्यातही आला नाही. ते मला म्हणाले, "पुढच्या साली वहिनीले विचारून पेरीन." मीही तेच ठरवलं होतं, फक्त बोलून दाखवलं नव्हतं. त्यानंतर आठवड्याभराने वादळी पाऊस झाला. तेव्हा आमचा तीळ घरात होता आणि आम्ही दारात बसून चहा पीत होतो.

झटकणीच्या शेवटच्या दिवशीची गोष्ट. मला वजन उचलायची बंदी, म्हणून मी चाळणी धरून बसलो होतो आणि ती वरून तीळ ओतत होती. माझ्या मनात एक गोष्ट राहिली होती. ती मी विचारली.

"कार्डावर झालं नसतं तर?"

"काय?"

"ऑपरेशन. कार्डावर झालं नसतं तर काय केलं असतं?"

"विकलं असतं वावर," ती म्हणाली. हातातलं सूप थांबलंसुद्धा नाही. "त्याच दिवशी विकलं असतं. तुमाले विचारलंबी नसतं."

दीड महिना मी ज्या एका गोष्टीच्या भीतीने वाळत चाललो होतो, ती तिने भाजीचा भाव सांगावा तशी सांगून टाकली. वडिलांच्या वावराबद्दल दुसरं कोणी असं बोललं असतं तर मी भांडायला उठलो असतो. पण ती हे बोलली आणि आत कुठेतरी घट्ट आवळलेलं सुटत गेलं. मला फार बरं वाटलं.

"हलवा ना चाळणी," ती म्हणाली. "तीळ सांडून राह्यला."